सासऱ्यांच्या खिशातली नारिंगी गोळी: व्हिटॅमिन सी रोज किती चालतं?

कऱ्हाडची_सून | ९ जानेवारी, रात्री १०:५०

मंडळी, हा प्रश्न डॉक्टरांनाच विचारायचा असतो हे मला कळतं. पण डॉक्टरांना हे सांगायचं की नाही यावरूनच आमच्या घरात वाद आहे, म्हणून आधी इथे लिहिते.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ७१. एसटीत ३२ वर्षं कंडक्टर होते. शुगर बारा वर्षांपासून, बीपी त्याच्या आधीपासून. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कुणीतरी घरोघर गोळ्यांची पाकिटं वाटली, त्यात झिंक होतं आणि ती चघळायची नारिंगी आंबटगोड गोळी होती. साथ गेली, आमच्या सगळ्यांच्या गोळ्या सुटल्या. अण्णांची काही सुटली नाही. सकाळच्या चहावर एक, दुपारच्या जेवणावर एक, रात्री झोपताना एक. प्रत्येक ५०० मिलीग्रॅमची. नाक गळायला लागलं की चौथी. स्ट्रिप कायम शर्टाच्या वरच्या खिशात. नोकरीत असताना त्या खिशात सुट्टे पैसे असायचे, असं सासूबाई सांगतात. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. तो शाळेतून आला की आजोबांचा खिसा चाचपतो आणि "चॉकलेट" घेऊन पळतो. कधी एक, कधी दोन.

दिवाळीत नणंदेचा मुलगा अमेरिकेतून आला, तो १००० च्या अडीचशे गोळ्यांची बाटली घेऊन आला. आता अण्णा म्हणतात, तीनदा ५०० घेण्यापेक्षा दोनदा १००० घेऊ, लक्षात ठेवायला सोपं.

मला काळजी का वाटते ते सांगते. २०१६ ला अण्णांना मूतखडा झाला होता. चार मिलीमीटरचा, पाणी पिऊन पडला. तेव्हापासून ते टोमॅटोच्या बिया काढल्याशिवाय कोशिंबीर खात नाहीत, पालक घरात आणू देत नाहीत. आणि परवा कुठेतरी वाचलं की या गोळीनेही खडे होतात. खरं आहे का?

दुसरं म्हणजे शुगर. मागच्या आठवड्यात सकाळी घरच्या मशीनवर १६८ आली, त्याच सकाळी लॅबमध्ये १५१. हा फरक गोळीमुळे का?

दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. डॉक्टर विचारतात, "काय काय चालू आहे?" अण्णा सांगतात, "शुगरची एक, बीपीची एक." मागच्या वेळी मी मध्ये बोलायला गेले तर बाहेर आल्यावर म्हणाले, "ती काय औषध आहे का? आंबटगोड गोळी आहे."

जाता जाता माझं. माझं हिमोग्लोबिन ९.२ आलंय, लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात. मैत्रीण म्हणते व्हिटॅमिन सी बरोबर घेतलंस तरच लोह अंगी लागतं. म्हणजे अण्णांच्या खिशातली एक मला घ्यायला लागणार की काय!

---

टपरीवरचा_चहा | ९ जानेवारी, रात्री ११:१२

ताई, चिंता नसावी. मी तीन वर्षं रोज मल्टिव्हिटॅमिन घेतो, त्यात सी आहेच. लघवी पिवळीधमक होते, म्हणजे गोळी लागू पडतेय आणि जास्तीचं बाहेर जातंय. पाण्यात विरघळणारं व्हिटॅमिन आहे, अंगात साठत नाही. आजोबांना खाऊ द्या.

---

बंद_शटर | १० जानेवारी, सकाळी ६:३५

ताई, आधी ओळख. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी ३४ वर्षं मेडिकल चालवलं, २०२२ ला शटर ओढलं ते कायमचं. मी डॉक्टर नाही. त्यामुळे "बंद करा" हे अण्णांच्या डॉक्टरांनी म्हणायचं. मी काउंटरच्या अलीकडून जेवढं पाहिलं आणि वाचलं तेवढं सांगतो.

"ती काय औषध आहे का?" हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. त्याला आम्हीही जबाबदार आहोत. सुट्टे नसले की दोन रुपयांच्या बदल्यात ही गोळी कात्रीने कापून देणारा दुकानदार मी स्वतः होतो. लोक तिथेच उभ्या उभ्या तोंडात टाकायचे. जी गोळी सुट्ट्या पैशांऐवजी मिळते तिला औषध कोण म्हणेल? मग एप्रिल २०२० आला. स्टॉकिस्ट म्हणायचा दहा बॉक्स मागू नका, दोन मिळतील. गिऱ्हाईक म्हणायचं दहा स्ट्रिप द्या. मी माणशी दोन दिल्या आणि शिव्या खाल्ल्या.

आता हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेली रोजची गरज पुरुषाला ८० मिलीग्रॅम, बाईला ६५, अंगावर पाजणाऱ्या आईला ११५. अमेरिकेत हाच आकडा पुरुषाला ९० आणि बाईला ७५, आणि सिगारेट ओढणाऱ्याला आणखी ३५. तिथल्याच तज्ज्ञांनी मोठ्या माणसाला दिवसाला २००० ही वरची हद्द घातलीय. अण्णांचं १५०० त्या हद्दीच्या आत आहे. पण ही हद्द धडधाकट माणसासाठी, ज्याला खडा होऊन गेलाय त्याच्यासाठी नाही. भाच्याच्या बाटलीतल्या दोन घेतल्या की हद्द गाठली, आणि नाक गळलं म्हणून वर खिशातली एक घेतली की ओलांडली.

अण्णा कंडक्टर होते ना, मग त्यांना असं सांगून बघा. आतड्याची गाडी लहान आहे. थोडं व्हिटॅमिन सी आलं, १०० वगैरे, तर बहुतेक सगळं आत बसतं. एका वेळी १००० च्या वर चढवायला गेलात तर निम्मंसुद्धा आत घेत नाही. आणि आत गेलेलंही रक्तात एका पातळीच्या वर टिकत नाही, दिवसाला २०० ते ४०० पोटात गेलं की रक्त भरतं. तिथे शरीर डबल बेल देतं. मागे राहिलेले थांब्यावरच. काही आतड्यात राहून पाणी ओढतात आणि जुलाब लावतात, काही मूत्रपिंडातून उतरून जातात. अण्णा तीन गोळ्यांचे पैसे देतात आणि बसायला जागा एकीचीसुद्धा नसते.

वरच्या चहावाल्या मित्रांना एक दुरुस्ती: लघवी पिवळीधमक होते ती मल्टिव्हिटॅमिनमधल्या बी-२ मुळे. सी चा त्यात काही हात नाही. आणि "साठत नाही म्हणून चालतं" हेही अर्धवट आहे. बाहेर जाताना ते कशाच्या रूपात जातं, प्रश्न तिथेच आहे.

व्हिटॅमिन सी चा काही भाग शरीरात ऑक्झलेट होऊन लघवीत उतरतो. आपल्याकडचे बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. स्वीडनमध्ये सुमारे २३,००० पुरुषांना अकरा वर्षं पाठपुरावा करून बघितलं. २०१३ साली ते छापून आलं. व्हिटॅमिन सी ची गोळी घेणाऱ्या पुरुषांत मूतखडा जवळजवळ दुप्पट आढळला. तिथली नेहमीची गोळी साधारण १००० ची असते. अशा पाहणीतून गोळीनेच खडा झाला हे शंभर टक्के सिद्ध होत नाही, हे मला मान्य. पण ज्याला एकदा खडा होऊन गेलाय आणि जो पुरुष आहे, त्याने विषाची परीक्षा कशाला घ्यायची? अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीतही पुरुषांत असाच कल दिसला, बायकांत दिसला नाही.

आणि टोमॅटोच्या बिया! ताई, हे वाचून मी सकाळी सकाळी एकटाच हसलो. टोमॅटोत ऑक्झलेट अगदी बेताचं असतं, बियांना उगाच बदनाम केलंय. पालकाचं मात्र खरं आहे. म्हणजे अण्णा बिनगुन्ह्याच्या बिया वेचून काढतात आणि खिशातून रोज दीड ग्रॅम आत सोडतात.

शुगर मशीनचं: व्हिटॅमिन सी काही मशीनवर आकडा खोटाच वर दाखवतं, हे खरं. पण ते मुख्यतः शिरेतून मोठे डोस दिलेल्या किंवा मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांत, जिथे रक्तातली पातळी भलतीच चढते. १६८ आणि १५१ हा फरक घरच्या मशीनला मुभा असते त्या १५ टक्क्यांत बसतो. तो गोळीच्या माथी मारू नका. पट्ट्यांच्या डबीत एक घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद असतो, तो भिंगाखाली धरून "ॲस्कॉर्बिक ॲसिड" शोधा. तुमच्या मशीनला किती चालतं ते त्यात दिलेलं असतं.

नातवाचं मात्र आजच थांबवा. चार ते आठ वर्षांच्या मुलाला वरची हद्द ६५० मिलीग्रॅम. एक गोळी ५०० ची, दोन म्हणजे १०००. भीती विषबाधेची नाही, फार तर पोट बिघडेल. पण औषधाला "चॉकलेट" म्हणायची सवय घरात शुगरच्या गोळ्या असताना फार महागात पडते. मी चिठ्ठ्या घेऊन धावत आलेले बाप पाहिलेत. शिवाय ही गोळी आम्ल आहे, गालात धरून चघळली की दातावरचं लुकण, म्हणजे इनॅमल, झिजतं.

आता तुमचं लोह. मैत्रीण म्हणते ते जुनं शहाणपण आहे आणि जेवणातल्या लोहाला ते लागू पडतं. पालेभाजी, डाळ, पोहे यांतलं लोह शरीराला पकडायला अवघड जातं, सोबत आंबट असलं की सोपं होतं. पोह्यांवर लिंबू पिळणाऱ्या आपल्या आज्या शहाण्या होत्या. फक्त त्याच ताटाशेजारी कपभर चहा ठेवून आपण ते शहाणपण घालवतो, कारण चहा लोह अडवतो. पण लोहाच्या गोळीला सी ची गोळी जोडायलाच हवी असं नाही. २०२० साली ४४० रुग्णांवर तुलना झाली, निम्म्यांना नुसतं लोह, निम्म्यांना लोह आणि सी. हिमोग्लोबिन दोघांचं सारखंच वाढलं. तेव्हा अण्णांच्या खिशाला हात घालू नका. चहा लोहाच्या गोळीपासून तासभर लांब ठेवा, त्याचा उपयोग जास्त.

डॉक्टरांना कसं सांगायचं? बोलूच नका. घरात जेवढ्या स्ट्रिपा, बाटल्या, चूर्णं, काढे आहेत ते सगळं एका कापडी पिशवीत भरून न्या आणि टेबलावर पिशवी पालथी करा. डॉक्टर स्वतः वाचतील.

---

सेंट्रिफ्यूज | १० जानेवारी, दुपारी १:२०

मी नाशिकला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. काकांनी लघवीचा विषय काढलाच आहे तर आमच्या टेबलावरची गोष्ट.

लघवी तपासायची जी रंगीत चौकोनांची पट्टी असते, तिच्यातल्या रक्ताच्या आणि साखरेच्या चौकोनांना व्हिटॅमिन सी गंडवतं. लघवीत ते भरपूर उतरलेलं असलं तर रक्त असूनही चौकोन रंग बदलत नाही. साखर असूनही "नाही" येतं. खडा हलायला लागला की बऱ्याचदा पहिली खूण म्हणजे लघवीतलं डोळ्यांना न दिसणारं रक्त, आणि नेमकी तीच खूण पुसली जाते. म्हणून पट्टीवर काही नाही आणि मायक्रोस्कोपखाली तांबड्या पेशी दिसल्या, की मी बाहेर जाऊन पेशंटला विचारते, "आंबट गोळी चालू आहे का?" दहातले आठ जण आधी "नाही" म्हणतात, मग "हां, ती होय, ती रोजच घेतो."

शौचातलं लपलेलं रक्त बघायची जुन्या पद्धतीची चाचणी असते, तिचंही तेच. तीन दिवस आधीपासून २५० च्या वर व्हिटॅमिन सी नको. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही.

कऱ्हाडच्या ताई, अण्णांची लघवी तपासायची असेल तर आधी दोन-तीन दिवस गोळी बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा.

---

निरोगी_शतक | १० जानेवारी, रात्री ९:०५

इथे सगळे औषधकंपन्यांची भाषा बोलताहेत असं दिसतंय. लायनस पॉलिंग, दोन नोबेल मिळालेला शास्त्रज्ञ, रोज १८ ग्रॅम व्हिटॅमिन सी घ्यायचा. मिलीग्रॅम नव्हे, ग्रॅम! ९३ वर्षं जगला. बकरी स्वतःच्या शरीरात दिवसाला कित्येक ग्रॅम तयार करते, आजारी पडली की आणखी वाढवते. माणसाकडे ते बनवायचं यंत्र नाही म्हणून बाहेरून घ्यायचं. मी स्वतः ४ ग्रॅम घेतो, सहा वर्षांत सर्दी नाही.

---

बंद_शटर | ११ जानेवारी, सकाळी ६:१०

बकरीचं खरं आहे. माणूस, माकड, गिनीपिग आणि काही वटवाघळं सोडली तर बहुतेक सस्तन प्राणी ग्लुकोजपासून व्हिटॅमिन सी बनवतात. आपल्यात शेवटच्या पायरीचं एन्झाइम बिघडलेलं आहे. पण बकरी ते यकृतात बनवून थेट रक्तात सोडते. तुम्ही तोंडाने खाता, म्हणजे पुन्हा आलो त्याच लहान गाडीवर. चार ग्रॅम घेऊन तुमच्या रक्तात जेवढं टिकतं तेवढं चारशे मिलीग्रॅमवाल्याच्याही जवळपास टिकतं.

पॉलिंग माझाही आवडता. १९५४ चं नोबेल रसायनशास्त्राचं, १९६२ चं शांततेचं. सर्दीवर आणि व्हिटॅमिन सी वर त्याने १९७० साली लिहिलं आणि जगभर मेडिकलवाल्यांची चांदी झाली. पण नोबेल सर्दीचं नव्हतं. आणि ९३ व्या वर्षी गेला तो प्रोस्टेटच्या कॅन्सरने. त्याचा दावा होता की कॅन्सरवरही चालतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या मोठ्या रुग्णालयाने रोज १० ग्रॅम तोंडाने देऊन दोनदा तपासलं, उपयोग दिसला नाही.

सर्दीची नीट चाळणी २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात आहे, म्हणजे आधीचे सगळे प्रयोग एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात. २९ प्रयोग, अकरा हजारांवर माणसं. रोज घेणाऱ्यांना सर्दी कमी वेळा झाली का? साध्या माणसांत नाही. झाली तेव्हा लवकर बरी झाली का? मोठ्यांत ८ टक्के, मुलांत १४ टक्के. सात दिवसांची सर्दी अर्धा दिवस आधी जाते, आणि त्यासाठी वर्षभर रोज गोळी. सर्दी सुरू झाल्यावर गोळी घेतली तर खात्रीने सांगावं असं काही हाती लागत नाही. म्हणजे नाक गळल्यावरची अण्णांची चौथी गोळी फुकट. करोनात अमेरिकेत रोज ८००० मिलीग्रॅम देऊन बघितलं, घरी राहून उपचार घेणाऱ्यांची लक्षणं त्याने लवकर गेली नाहीत, प्रयोग मध्येच थांबवला.

एक गट मात्र वेगळा निघाला, तो लिहायलाच हवा. मॅरेथॉन धावणारे, बर्फात स्कीइंग करणारे, कडाक्याच्या थंडीत कसरत करणारे सैनिक. त्यांच्यात सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. तुम्ही सातारची हिल मॅरेथॉन पळत असाल तर घ्या बापडे. आरामखुर्चीत बसून सहा वर्षं सर्दी न झालेले माझे एक मेहुणे आहेत, ते काहीच घेत नाहीत.

वाद सोडा, माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. या गोळीचा चमत्कार मी ३४ वर्षांत एकदाच पाहिला. बायको गेलेले एक म्हातारे गृहस्थ, मुलं पुण्याला. चहा-खारी, चहा-टोस्ट, रात्री दूधभात. वर्षभर भाजी नाही, फळ नाही. हिरड्यांतून रक्त, पायांवर काळेनिळे डाग, खरचटलेलं भरेना. रक्ताच्या कॅन्सरची शंका घेऊन पोरगा घाबरून आला होता. आमच्या गावच्या डॉक्टरांनी जेवणाची चौकशी केली आणि चिठ्ठीवर हीच गोळी लिहिली. तीन आठवड्यांत माणूस बदलला. त्याला स्कर्व्ही म्हणतात. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून एका जोडीला संत्री-लिंबं दिली तो हाच रोग. ब्रिटिश आरमाराने सगळ्यांना लिंबाचा रस द्यायला आणखी जवळजवळ पन्नास वर्षं घेतली. जिथे कमतरता आहे तिथे ही गोळी देवासारखी धावून येते. अण्णांना कमतरता आहे का? त्यांच्या घरात सून रोज भाजी करते.

वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी, केमो चालू असलेल्यांनी, डायलिसिसवाल्यांनी, वरचेवर रक्त चढवावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांच्या आईबापांनी आणि जी-६-पी-डी (तांबड्या पेशींना जपणारं एक एन्झाइम) ची कमतरता असलेल्यांनी मात्र विचारल्याशिवाय मोठा डोस घेऊ नये. पाण्यात फसफसणाऱ्या गोळीतला फेस सोड्याचा असतो, म्हणजे सोडियम. बीपीवाल्यांनी बघून घ्यावं.

---

एडिसनकर | ११ जानेवारी, संध्याकाळी ७:३०

मी तो भाचा नाही, पण मीच तो भाचा. न्यू जर्सीहून निघताना बॅगेत बदाम, परफ्यूम आणि या बाटल्या ठरलेल्या. आईबाबांना काय न्यायचं हे सुचत नाही, घाऊक दुकानात ही बाटली स्वस्त मिळते, आणि "तब्येतीचं काहीतरी" आणल्याचं समाधान. परवा पहिल्यांदा मागचं लेबल वाचलं. एका गोळीत रोजच्या गरजेच्या ११११ टक्के. मी तो आकडा छपाईची चूक समजलो होतो. बाबांना आज फोन करतो.

---

चाफा_सातारा | १२ जानेवारी, सकाळी ११:४५

अवांतर, पण स्कर्व्हीवरून आठवलं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूट-अल-अमाराला जो वेढा पडला, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, त्यात अडकलेली फौज म्हणजे सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या, आमच्या जिल्ह्यातली पोरं होती. ताजी भाजी संपली. गोऱ्या शिपायांनी घोड्याचं मांस खाल्लं, हिंदी शिपायांनी धर्माचा विचार करून कितीतरी दिवस नाकारलं. हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरला, गोऱ्यांत बेरीबेरी, म्हणजे व्हिटॅमिन बी-१ च्या कमतरतेचा रोग. शिपाई रानातला पाला वेचून शिजवून खायचे. आमच्या पणजोबांच्या भावाबद्दल घरात एवढंच सांगतात की तो "दात पडून" परत आला. खडा सोडून काही मिळालं नाही तिकडे, असं आजी म्हणायची. तिला वाळवंट म्हणायचं असे.

---

कऱ्हाडची_सून | १२ जानेवारी, रात्री १०:१५

काका, डबल बेल अण्णांना वाचून दाखवली. पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, "त्यांना सांग, सीझनला ४४ च्या गाडीत मी ७० नेलेत." यावर काय बोलणार!

पण नातवाचं ऐकलं. आता स्ट्रिप खिशात नाही, कपाटावर आहे. मुलाने दोन दिवस भोकाड पसरलं.

एक विचारायचं राहिलं. गोळीऐवजी काय खायला घालू? शुगर आहे, संत्र्याचा रस देता येत नाही. सासूबाई मोरावळा काढून बसल्यात.

---

बंद_शटर | १३ जानेवारी, सकाळी ६:२०

मोरावळा साखरेच्या पाकात बुडालेला, तोही शिजलेला. शुगरवाल्याला कशाला? सासूबाईंना दुखवू नका, तुम्ही खा.

सध्या पेरू आहेत. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलीग्रॅमच्या वर सी असतं, म्हणजे अर्ध्या पेरूत अण्णांचा दिवस निघाला. पिकून मऊ झालेला नको, कच्चट घ्या, सालीसकट. आवळ्याचे आकडे अन्नघटकांच्या तक्त्यागणिक बदलतात, जुन्या तक्त्यात १०० ग्रॅमला ६००, २०१७ च्या तक्त्यात २५० च्या आसपास. कमीतला धरला तरी एक मोठा आवळा पुरे. किसून कोशिंबिरीत घाला. उन्हाळ्यात कोबी कच्चा, ढोबळी मिरची, कोथिंबीर मूठभर, मोडाची मटकी फार न शिजवता. लिंबाला फार मोठं समजू नका, अर्ध्या लिंबात दहा-पंधरा मिलीग्रॅम. तेही आमटी उकळताना पिळू नका, ताटात पिळा. उकळलं की उडतं, भाजी चिरून धुतली की पाण्याबरोबर जातं.

सत्तर माणसं नेली म्हणतात ना, त्यांना विचारा, तिकिटं किती जणांची फाडली होती.

---

कऱ्हाडची_सून | ३१ जानेवारी, रात्री ९:४०

उशिरा लिहिते, पण बऱ्याच जणांनी निरोपात विचारलं म्हणून.

मागच्या आठवड्यात तपासणी झाली. कापडी पिशवी नेली. अण्णांना वाटलं त्यात डबा आहे. डॉक्टरांसमोर पालथी केली तेव्हा अण्णा माझ्याकडे जे बघत होते ते इथे लिहिता येणार नाही. नारिंगी स्ट्रिपा, भाच्याची बाटली, शिवाय गुडघ्याचं कुठलं चूर्ण निघालं जे मलाही माहीत नव्हतं. डॉक्टरांनी एकेक वाचलं, बाटलीवर थांबले, विचारलं खडा कधी झाला होता. मग सोनोग्राफी. डाव्या मूत्रपिंडात पाच मिलीमीटरचा आहे, जागेवर आहे, त्रास नाही. "या गोळ्यांनीच झाला का?" मी विचारलं. म्हणाले तसं सांगता येत नाही, तुमचे अण्णा पाणीही कमी पितात, पण गोळी आजपासून नको. चूर्णही नको. अण्णांनी फक्त एकच विचारलं, "एकदम बंद केली तर चालेल?" चालेल म्हणाले.

लघवी तपासली, नाशिकच्या ताईंच्या सांगण्याप्रमाणे तीन दिवस थांबून. पट्टीवर रक्ताची खूण आली, किंचित. नोव्हेंबरच्या रिपोर्टात तिथे "नाही" होतं. ताई, तुमची फार आठवण झाली.

माझं हिमोग्लोबिन पुढच्या महिन्यात बघायचं आहे. चहा मागे ढकललाय, डोकं दुखतं, पण ढकललाय.

अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आज सकाळी स्वतःहून पेरू चिरून मागितला. आणि वरच्या खिशात आता आवळासुपारीची डबी आहे. म्हणतात, "यात तरी काही नाही ना तुझ्या त्या काकांचं?"

---

बंद_शटर | १ फेब्रुवारी, सकाळी ६:०५

डबीतली चिमूटभर जिभेवर ठेवून बघा ताई, मीठ किती आहे ते. बीपी आहे त्यांना.